लिंबाला मानवलेला काढा

चिनी वैद्यकाबद्दल मी एकच गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो, ती म्हणजे लिंबाच्या झाडाला ते मानवतं. माणसाच्या लिव्हरला मानवतं की नाही हे ठरवण्यासाठी सनीव्हेलमधल्या एका घराच्या स्वयंपाकघरात अत्यंत शास्त्रशुद्ध असा एक प्रयोग झाला होता. त्या प्रयोगातला निरोगी माणूस मी होतो, आणि प्रयोगाचा विचका झाला तोही माझ्यामुळेच. रुग्ण होते माझे घरमालक.

त्यांना मी काका म्हणत असे. ऐंशीच्या दशकात सांगलीहून अमेरिकेत शिकायला आलेल्या मुलाला जो कोणी पहिल्या आठवड्यात वरणभात वाढेल तो काका. याहून जवळचं नातं लागत नसे. काका मूळचे नागपूरचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी बॉस्टनला वकिली करत होती. काका स्वतः सांता क्लाराच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत चिप्स मारण्याचं काम करत. कागदोपत्री हुद्दा ‘रिलायबिलिटी इंजिनियर’ असा भारदस्त होता, पण सांगताना ते असंच सांगायचे. तयार झालेली चिप भट्टीत घालायची, दिवसेंदिवस तापवायची, झेपणार नाही इतका व्होल्टेज द्यायचा आणि ती कधी मेली, कशाने मेली ते वहीत लिहायचं. मग मेलेल्या चिपचं टाळकं उघडून मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक सुईने तिच्या तारा चाचपायच्या. बाकीचे लोक घरी येऊन आज काय केलं ते सांगतात. काका आज किती मेल्या ते सांगायचे, आणि आकडा चांगला असला की खुशीत असायचे.

या धंद्याने त्यांचा स्वभाव तसा झाला होता की तसल्या स्वभावाला शोभेल असा धंदा त्यांनी शोधला होता, हे मला कधी कळलं नाही. जी वस्तू अजून फेल झालेली नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. “एकदा फेल कशी होते ते कळलं ना, की मग बिनधास्त वापर,” असं ते म्हणायचे. नवा प्रेशर कुकर आणला की पंधरा दिवस त्यात नुसतं पाणी उकळायचं. घरात शिट्ट्या मोजायच्या आणि जेवायला कॅनमधले छोले खायचे. नवे बूट आणले तर ते आधी दोन आठवडे घरातल्या घरात, कार्पेटवर. याला ते ‘बर्न-इन’ म्हणत. सगळ्या वस्तूंचा बर्न-इन व्हायचा, आणि भाडेकरू हीही त्यांच्या दृष्टीने घरातली वस्तूच होती.

भाडेकरूचा बर्न-इन चालू असेपर्यंत त्याला फक्त मागच्या दाराची किल्ली मिळे. म्हणजे रस्त्यावरून घराला वळसा घालायचा, कुंपणाचं फाटक उघडायचं, मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाखालून वाकून जायचं आणि स्वयंपाकघरातून घरात शिरायचं. पुढच्या दाराच्या किल्ल्या जगात दोनच होत्या, एक काकांकडे आणि एक मुलीकडे. बर्न-इन किती दिवसांचा असतो, असं मी एकदा विचारलं. “फेल होईपर्यंत,” ते म्हणाले. माझ्याआधी चार भाडेकरू राहून गेले होते. त्यातल्या एकाने तर पीएचडी पूर्ण केली, पण तोही शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन मागच्या दारानेच गेला.

दुसरा नियम, बदल एका वेळी एकच. आल्या आल्या मी यात गुन्हा केला. चहा पावडर संपली म्हणून दुकानातून दुसरी आणली आणि त्याच दिवशी, मदत म्हणून, चहाचं काळं झालेलं पातेलं घासून लख्ख केलं. संध्याकाळी काकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“चहा वेगळा लागून राहिला.”

मी दोन्ही गोष्टी अभिमानाने सांगितल्या. काकांचा चेहरा गंभीर झाला. “अरे, दोन गोष्टी एकदम बदलल्या तू. आता हा चहा पावडरमुळे बिघडला की पातेल्यामुळे, हे कसं कळणार?”

“काका, इतका वाईट झालाय का?”

“वाईट झाला असं कोण म्हणतं? कशामुळे झाला ते कळत नाही म्हणून राहिलो मी.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या दुपारी आम्ही जुन्या पातेल्यासारखं दुसरं एक पातेलं मुद्दाम काळं करून घेतलं, डबा खरवडून जुनी पावडर काढली आणि चारही प्रकारे चहा केला. निष्कर्ष असा निघाला की दोष पावडरचा होता. काका इतके खूश झाले की तो वाईट चहा आम्ही महिनाभर आनंदाने प्यायलो.

असल्या माणसाला आजार व्हायचाच तर हाडबीड मोडणं बरं. एक्स-रे काढला, दिसलं, संपलं. काकांना झाला तो ज्यात शरीर आपल्याच लिव्हरवर उलटतं असा. डोळे पिवळे झाले, थकवा आला, मग महिनाभर तपासण्या चालल्या. दर तपासणीला नवा शिकाऊ डॉक्टर येऊन आधी विचारायचा, रोज किती दारू घेता? काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते तसं सांगायचे आणि समोरचा समजूतदारपणे हसून कागदावर काहीतरी लिहायचा. शेवटी बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा तुकडा काढला, तेव्हा कुठे तुकड्याच्या शब्दावर त्यांची दारुडेपणाच्या संशयातून सुटका झाली. रोगाचं नाव लांबलचक होतं, त्यात ‘ऑटोइम्यून’ हा शब्द होता. मला त्यांनी तो त्यांच्या पद्धतीने समजावून दिला. “पन्नास वर्षं एकाच घरात राहून राहिलेल्या माणसाला एक दिवस दारातच अडवायचं आणि म्हणायचं, ग्रीन कार्ड दाखव. तसं चाललंय आत.”

डॉक्टरीणबाई त्या विषयातल्या तज्ज्ञ होत्या. उंच, अबोल आणि कागदांवर अपार प्रेम. पहिल्या दोन भेटींत त्यांनी काकांचे रिपोर्ट इतके बारकाईने पाहिले की काकांकडे पाहायला वेळ उरला नाही. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि जोडीला प्रतिकारशक्तीला वेसण घालणारी दुसरी एक गोळी. गोळ्या लागू पडल्या, हे कबूल करायलाच हवं. रक्तातले आकडे दीड महिन्यात खाली आले, डोळे पांढरे झाले. बाकीचे काका मात्र बिघडले. चेहरा फुगून टरबुजासारखा गोल झाला. पहाटे तीनला जाग येऊन ते कपाटं लावायला लागले. आणि हात थरथरायला लागले.

चेहऱ्याचं त्यांना काही वाटलं नाही. हातांचं वाटलं. केसाहून बारीक सुई, मायक्रोस्कोप आणि थरथरता हात, यांचं जमत नाही. लॅबमध्ये त्यांना मायक्रोस्कोपवरून उठवून रिपोर्ट लिहायला बसवलं. ज्या चिप्स त्यांनी उघडल्या असत्या त्या आता एक विशीतला मुलगा उघडत होता, आणि काका म्हणायचे की तो तारा चाचपत नाही, उपटतो. एका संध्याकाळी ते डायनिंग टेबलवर चहाचा कप घेऊन बसले होते आणि कप बशीवर टकटक वाजत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला. मग म्हणाले, “हे बंद व्हायला पाहिजे रे.” इतक्या साध्या सुरात त्यांनी काही म्हटल्याचं मी आधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या लॅबमधली टेक्निशियन तैवानची होती. तिचे मामा सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वैद्य होते. एका रविवारी आम्ही गेलो. छतापर्यंत लाकडी खण, खणांवर चिनी अक्षरं आणि मध्ये एक लहानखुरे म्हातारे गृहस्थ. काकांनी रिपोर्टांची फाइल पुढे केली. त्यांनी ती आदराने घेतली आणि टेबलाचा पाय डगमगत होता त्याखाली सारली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, डोळे मिटून, एकेका हाताची पाच-पाच मिनिटं नाडी पाहिली. जीभ बाहेर काढायला लावली. राग येतो का, असं भाचीकरवी विचारलं. काका म्हणाले, गोळ्या सुरू... आणि थांबून म्हणाले, हल्ली येतो.

“एनी अदर मेडिसिन?” म्हाताऱ्यांनी स्वतः इंग्रजीत विचारलं. एवढं वाक्य त्यांना येत होतं.

“नथिंग,” काका म्हणाले.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. काकांनी आणखी दोनदा “नथिंग” म्हटलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “एनी अदर मेडिसिन?” आणि काका तितक्याच प्रांजळपणे म्हणाले, “नथिंग.” गाडीत मी म्हटलं, काका, दोघांनाही खोटं? “खोटं नाही ते,” ते म्हणाले. “याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. एकाला दुसऱ्याचं कळलं की रीडिंग बिघडतं.” शास्त्रीय भाषेत सांगितलं की मला काहीही पटायचं, कारण माझं शिक्षण चालू होतं.

काढ्याच्या पुड्यांत चौदा जिन्नस होते. साली, मुळं, वाळलेल्या अळिंबी, आणि एका पुडीत किड्यांनी टाकलेल्या कातींसारखं काहीतरी, ज्याबद्दल आम्ही दोघांनीही चौकशी केली नाही. एका मुळाचा तुकडा काकांनी जिभेला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे तर आपलं ज्येष्ठमध.” त्या एका तुकड्यावर उरलेल्या तेरांना त्यांनी घरात घेतलं.

पण नियम म्हणजे नियम. काकांनी गोळ्या लगेच सोडल्या नाहीत. आधी हा काढा लिव्हरला स्वतःहून काही अपाय करतो का ते पाहायला हवं होतं, आणि त्यासाठी एक निरोगी लिव्हर हवं होतं. ते त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत, मोफत राहिल्यासारखं पडून होतं.

“तू कंट्रोल,” काका म्हणाले. “सहा आठवडे माझ्यासोबत रोज एक ग्लास घ्यायचा. दर दोन आठवड्यांनी तुझं रक्त तपासायचं. तुझे आकडे हलले नाहीत तर काढा सेफ. मग मी गोळी कमी करतो.”

आता इथे ‘नको’ म्हणता येत होतं. मराठीत तो शब्द आहे, दोन अक्षरी आहे, उच्चारायला सोपा आहे. पण ज्यांच्या घरी आपण जेवतो, जे आपल्याला पाहून दोन पोळ्या जास्त लाटतात, त्या वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणायचं, हे आमच्या घरी कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, “हो काका, त्यात काय.”

काका सकाळी सहाला काढा उकळायचे, आपला ग्लास पिऊन साडेसहाला लॅबला निघायचे आणि माझा ग्लास ओट्यावर बशी झाकून ठेवायचे. तो मी आठ वाजता घ्यायचा आणि फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात खूण करायची. तक्त्याला दोन रकाने, ‘पेशंट’ आणि ‘कंट्रोल’. पहिल्या दिवशी मी दोन घोट प्यायलो. चवीचं वर्णन करणार नाही, कोणी जेवून वाचत असेल. सिंकमध्ये ओतला असता तर दिवसभर वास राहिला असता. मग मागचं दार उघडलं आणि लिंबाच्या बुडाशी ओतला. आत येऊन खूण केली. दुसऱ्या दिवशी ते दोन घोटही घेतले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून तर हात सराईतपणे चालायला लागला. ग्लास, दार, झाड, खूण.

युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमध्ये मी घरमालकाला कावीळ झाली आहे, मला काळजी वाटते, असं सांगून रक्त तपासून घ्यायचो. आकडे आदर्श. दोन आठवड्यांनी पुन्हा आदर्श. सगळा काढा लिंबाला पाजणाऱ्या माणसाचे आकडे हलणार तरी कशाने? काका मात्र हरखून गेले. “तुझं लिव्हर मिलिटरी ग्रेड आहे,” असं म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कोणाची ऐकली नाही, आणि माझ्या लिव्हरने जे सोसलंच नव्हतं त्याबद्दल ती होती.

सहा आठवडे संपले. काकांनी वहीत ‘काढा सेफ’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि स्टेरॉइडची गोळी निम्मी केली. मग पाव. मग बंद. सोबतची दुसरी गोळीही गेली. डॉक्टरीणबाईंची पुढची अपॉइंटमेंट त्यांनी कॅन्सल केली. आमचे दोघांचे सकाळचे ग्लास आणि फ्रिजवरचा तक्ता मात्र चालूच राहिले.

इथे मला सांगायलाच हवं होतं. हे आज लिहिताना जितकं स्पष्ट दिसतं तितकंच तेव्हाही दिसत होतं, त्यामुळे तरुणपणाची सबब मी सांगत नाही. रोज सकाळी ठरवायचो की संध्याकाळी सांगू. संध्याकाळी काका घरी यायचे, हात पुढे करून बोटं ताठ धरायचे आणि म्हणायचे, “बघ, हलून राहिला का?” हात हलत नव्हता. गोळी सुटल्यावर थरथर गेली होती, चेहरा उतरला होता, झोप लागत होती. श्रेय काढ्याला गेलं. त्यांना पुन्हा मायक्रोस्कोपवर बसवलं. त्या दिवशी त्यांनी शिरा केला. माणूस शिरा खात असताना त्याला सांगायचं कसं, असा विचार करून मीही शिरा खाल्ला.

रविवारी मुलीचा फोन यायचा. वडलांशी बोलून झालं की ती मला बोलवायला लावायची. “इज ही टेकिंग हिज पिल्स?” ती विचारायची. काका समोर उभे असायचे. मी “येस, येस” म्हणायचो. ती “थँक यू सो मच” म्हणायची, आणि ते मनापासून असायचं.

त्या वर्षी लिंबाला अशी लिंबं लागली की फांद्या वाकल्या. काकांनी वहीत त्याचीही नोंद केली आणि पुढे कंसात ‘पाऊस जास्त?’ असं लिहिलं.

महिनाभराने डोळे पुन्हा पिवळट दिसायला लागले. काका म्हणाले, किचनचा बल्ब बदललाय म्हणून. बल्ब खरंच बदलला होता, आणि बदल एका वेळी एकच या नियमाने तोवर दुसरं कारण शोधायचं नव्हतं. मग अंगाला खाज यायला लागली, संध्याकाळी ते खुर्चीतच झोपायला लागले. एका गुरुवारी सकाळी आठला फोन वाजला तेव्हा मी हातात ग्लास घेऊन मागच्या दाराकडे निघालो होतो. फोनवर त्यांच्या लॅबमधली टेक्निशियन होती. काका मायक्रोस्कोपवरून उठताना पडले होते आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि धावलो.

दुपारपर्यंत त्यांना बेडवर आणलं. हळदीच्या रंगाचे झाले होते. मुलगी निघाली होती, रात्री पोचणार होती. उशाशी त्यांची वही होती, कारण ती घेतल्याशिवाय त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढायला नकार दिला होता.

“काका,” मी म्हटलं, “तो काढा मी पीत नव्हतो.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

“किती दिवसांपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“पहिल्या दिवशी किती घेतला?”

“दोन घोट.”

“बाकीचा?”

“लिंबाच्या बुडाशी. रोज.”

“म्हणजे पावसामुळे नव्हतं ते,” काका म्हणाले. मग वही उघडून माझ्या नावाच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. पानं उलटून पुढच्या रकान्यावर मारली. असं पाच पानं चाललं.

“काहून नाही सांगितलं रे?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मला वाईट वाटेल म्हणून तू मला मरू देऊन राहिला होता?”

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, चिप कशाने मेली ते विचारावं तसं. मी रडलो. इथवर सगळं हसत सांगितलं, त्यामुळे हे वगळावं असं वाटलं होतं, पण रडलो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हातातला कागद वाचत वाचतच त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “एनी अदर मेडिसिन?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक पुसत होतो. मग त्यांनी वही उघडली आणि काढ्याचे चौदा जिन्नस एकामागून एक वाचून दाखवले, चिनी नावं नागपुरी उच्चारांत. शेवटी म्हणाले, तुमच्या दोन्ही गोळ्या मी दीड-दोन महिन्यांपूर्वी बंद केल्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं.

“व्हाय डिडन्ट यू टेल मी?”

काका जरा गोंधळले. ब्लाइंड टेस्टबद्दल काहीतरी सांगतील असं मला वाटलं. पण ते खाली पाहत म्हणाले, “आय थॉट यू विल फील बॅड.” आणि म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या अशा मध्येच सोडल्या की हा आजार उसळतो, एवढं एक कारण पुरेसं आहे. त्यात काढ्याने भर घातली का? असेल, नसेल. आता सांगता येणार नाही. मग स्टेरॉइड पुन्हा सुरू झालं, आधी सलाइनमधून, मग गोळ्या. तीन आठवडे आम्ही बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीच्या, आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो. तो उतरला. पुढच्या वर्षभरात बाईंनी गोळी इतकी हळूहळू कमी केली की काका त्यांना “खरी रिलायबिलिटीवाली” म्हणायला लागले, आणि शेवटी हातही बऱ्यापैकी स्थिरावले. उरलेल्या पुड्या परत द्यायला मी चायनाटाउनला गेलो होतो. म्हाताऱ्यांना भाचीकरवी स्टेरॉइडचं सांगितलं. ते बराच वेळ चिनीत बोलत राहिले. भाचीने त्याचं एकच वाक्य करून सांगितलं, की नाडी पहिल्या दिवसापासून जुळत नव्हती म्हणून तर मी तीनदा विचारलं होतं. मग त्यांनी टेबलाच्या पायाखालून काकांची फाइल काढली, झटकली आणि परत दिली. थोडक्यात, पूर्वेचं वैद्यक आणि पश्चिमेचं वैद्यक यांत फार मूलभूत फरक आहे असं म्हणतात, पण दोघांनी प्रश्न एकच विचारला होता, आणि त्याचं उत्तर आमच्या घरातून दोघांनाही खोटं गेलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आकडा उतरेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई गेल्यावर काकांनी मला कपाटातल्या पँटच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायला सांगितलं. एक किल्ली ते नखाने सोडवायला लागले. कडी घट्ट होती, बोटांत जोर नव्हता. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. पाच मिनिटांनी किल्ली निघाली.

“ही पुढच्या दाराची. घरी जाऊन माझ्या गोळ्यांच्या बाटल्या आण. बाईंना मोजून पाहायच्या आहेत.”

“काका, मागच्या दाराची आहे ना माझ्याकडे.”

“ठेव ही.” त्यांनी डोळे मिटले. “तू कसा फेल होतो ते आता कळलं.”

सनीव्हेलच्या त्या घराच्या पुढच्या दाराने मी त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलो. न्हाणीघरातल्या कपाटातून बाटल्या घेतल्या. दोन्ही जवळजवळ भरलेल्या होत्या. स्वयंपाकघरात सकाळचा माझा ग्लास ओट्यावर तसाच होता, वर तवंग धरला होता. सवयीने मागच्या दारापर्यंत गेलो. मग परत फिरलो, तो सिंकमध्ये ओतला आणि ग्लास विसळून पालथा घातला. फ्रिजवर तक्ता होता. त्यात ‘कंट्रोल’च्या रकान्यात सगळ्या खुणा ओळीने, एकही दिवस चुकलेला नाही. मी पेन घेतलं आणि त्या गुरुवारासमोर लिहिलं, ‘घेतला नाही’.